रोह्याहून वरसईला, घड्याळाशिवाय

आधी ते मनगटावरचं घड्याळ काढा. छातीला बांधलेला, ठोके मोजणारा पट्टाही काढा. पोहण्याचा चष्मा, जेलची पाकिटं आणि घरी निम्मी किंमत सांगून आणलेली ती सायकल, सगळं इथेच ठेवा. पहिल्या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची तयारी करताय ना? 3.8 किलोमीटर पोहायचं, 180 किलोमीटर सायकल हाणायची, त्यावर 42.2 किलोमीटर धावायचं आणि हे सारं सतरा तासांत. कित्येक महिने पहाटे उठून तुम्ही आकड्यांशी भांडताय. आज आकड्यांना सुट्टी. आज 1857 सालचा शिमगा आहे. कमरेला लंगोटी, खांद्यावर पंचा, अशा अवतारात तुम्ही रोह्याला कुंडलिकेच्या काठावर उभे आहात आणि उद्या दुपारच्या जेवणापर्यंत तुम्हाला पेणच्या पलीकडे वरसईला पोचायचंय.

पाणी काळसर दिसतंय. रात्रीच्या होळीचा धूर अजून नदीवर रेंगाळतोय, त्यात चिखलाचा आणि सुक्या मासळीचा वास मिसळलाय. पलीकडे अष्टमी. अंतर फार नाही, तुमच्या तलावात तुम्ही एवढं अंग गरम करायला पोहता. होडीवाला मात्र चिलीम ओढत बसलाय. त्याच्याभोवती टोपल्या घेऊन बायकाही बसल्यात, कुणालाच घाई नाही.

‘‘दादूस, जरा थांब. पानी उतरतंय.’’

पण तुमच्या वेळापत्रकात थांबणं नाही. तुम्ही धावीर महाराजांना मनातल्या मनात हात जोडता आणि उडी टाकता.

पहिले दहा हात झकास जातात. मग तुम्ही तळ बघायला डोळे उघडता आणि तळच नसतो. निळी फरशी नाही, दोऱ्या नाहीत, धरायला कठडा नाही. ओहोटी पायाला धरून खाली, खाडीकडे ओढू लागते. श्वास गळ्यात अडकतो. तलावात जी भीती येते ती ‘वेळ चुकेल का’ ही. ही भीती वेगळी आहे, हिला तुमच्या वेळेशी देणंघेणं नाही. तुम्ही हात मारता, नाकातोंडात खारट-मचूळ पाणी जातं, आणि अखेर अष्टमीच्या धक्क्यापासून बरंच खाली, मांडीपर्यंत चिखलात रुतून, तुम्ही काठाला लागता. तिथली पोरं पोट धरून हसतात. शिमग्यात सोंग काढलंय, असाच त्यांचा समज. जरा वेळाने होडीवाला कोरड्या धोतराने उतरतो. तुमच्याकडे बघतसुद्धा नाही, हेच जास्त लागतं.

आता सायकलचा टप्पा. सायकल कुठली? भाताच्या पोत्यांवर बसा. बैलगाडी नागोठण्याकडे निघालीय. आखाला एरंडेल चोपडलंय तरी तो कण्हतोच आहे. प्रत्येक धोंडा चाकातून पाठीच्या मणक्यात येतो. सायकलची सीट टोचते म्हणून तुम्ही तीन बदलल्यात ना? इथे पोतं एकच. ऊन चढतं तशी फुफाट्याची चव जिभेवर बसते. दोन्ही बाजूंना पळस पेटलेत. दर वाडीशी पोरं रस्त्यात दोर धरून उभी, अंगाला राख, ढोलकं बडवत बोंबा मारतायत: शिमग्याचं पोस्त दिल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. तुमच्याजवळ कनवटीला काही नाही. गाडीवान मूठभर तांदूळ देऊन सुटका करतो आणि पुढचा कोसभर ते तांदूळ तुम्हाला ऐकवतो.

मग समोरून धुळीचा लोट येतो आणि त्यातून घंटा. लमाणांचे बैल, पाठीवर मिठाच्या गोणी, खालाटीतून घाटावर निघालेले. तो तांडा संपेपर्यंत गाडी रस्त्याच्या कडेला उभी. बैलांचा घाम, शेण, माणसांची अनोळखी बोली. तुम्हाला राग येतो. कुणाचा ते कळत नाही. लांब पल्ल्याच्या सरावातला हा राग तुमच्या ओळखीचा आहे: चौथ्या तासाला येतो, वाऱ्यावर निघतो, चढावर निघतो, घरी आल्यावर बिचाऱ्या बायकोवर निघतो.

नागोठण्याला अंबा नदीवर दगडी पूल आहे, चौलच्या काझी अलाउद्दीनने सोळाव्या शतकात बांधलेला. पूल असा अरुंद की समोरून गाडी आली तर कुणीतरी मागे सरायचं. इथे गाडी सोडायची. रोहे ते पेण सगळं मिळून चाळीसेक किलोमीटर, त्यातला मोठा वाटा आता पायी. आणि पायात वहाणा, त्याही दुसऱ्याच्या.

टाळू तापते. पाण्याची जागा दिसते, विहीर, रहाट, ओली शिळा. तुम्ही धावता. हात पुढे करण्याआधीच प्रश्न येतो: ‘‘कोण आपण?’’ नाव विचारलेलं नाही, हे तुम्हाला कळतं. तुमच्या स्पर्धेत वाटेत जागोजागी टेबल मांडून कुणीही कुणालाही पाणी देतं. इथे कुणी कुठलं पाणी प्यायचं हे तहानेवर ठरत नाही. याच मुलखात, महाडला, पाण्याच्या हक्कासाठी तळ्यावर जायला अजून सत्तर वर्षं आहेत. तुम्ही काय उत्तर दिलंत ते मी विचारत नाही. पाणी मिळालं असेल तर प्या, आणि चला.

कासूच्या आसपास तुम्ही वडाखाली बसता. उठायचं नाही, असं ठरवूनच. मांड्या थरथरतात. डोक्यात तोच जुना जप सुरू होतो: कशासाठी? कुणी सांगितलं होतं? स्पर्धेत अशा वेळी मागून गाडी येते, दमलेल्याला उचलते, पांघरूण देते. इथे मागून येते ती एक कातकरी बाई. डोक्यावर लाकडांची मोळी, कडेवर तान्हं. ती तुमच्यासमोरून जाते, वेग न वाढवता, न कमी करता, वळणाआड होते. तिचं हे अंतर रोजचं असावं. तिला कुणी पदक देणार नाही आणि तिने ते मागितलेलंही नाही. तुमचा त्रास तुम्ही हौसेने विकत घेतलाय, हे एकदम लख्ख कळतं. आधी लाज वाटते. मग, काय गंमत आहे बघा, हलकं वाटतं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागतं. रडून घ्या. लांब पल्ल्याची तयारी करणारी बहुतेक माणसं केव्हातरी अशी रडतात, फक्त सांगत नाहीत. आणि उठा, कारण अंधार पडला की इथला कट-ऑफ म्हणजे वाघ.

पेण आधी नाकाला लागतं. खारा वारा, मिठागरं, तिवरांचा कुबट वास, मग बाजारातलं सुकट-बोंबील आणि नवा तांदूळ. गणपतीचं पेण अजून व्हायचंय, हे पेण मिठाचं आणि भाताचं. दिवे लागलेत, हमाल ओरडतायत, मचव्यांवरून आलेला माल उतरतोय, कुणीतरी तुमच्या पायावर पाय देऊन जातं आणि तुम्हाला तेही बरं वाटतं. देवळाच्या ओवरीत पेज मिळते. मिठाची चिमूट टाकलेली, गरम, पातळ पेज. तुमच्या महागड्या पाकिटात याहून वेगळं काय असतं ते आहारतज्ज्ञाला विचारून ठेवा. रात्रभर डास आणि ढेकूण.

सकाळी वरसई. गावाच्या अलीकडेच वेदपठणाचे सूर ऐकू येतात. एका ओटीवर गर्दी आहे, तिकडे वळा. इथे या वर्षीचा मोठा विषय चाललाय: विष्णुभट गोडसे उत्तरेत जायचं म्हणतोय. तिशीतला वैदिक, घरावर कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल, अशी वार्ता आलीय. पल्ला किती? शेकडो कोस, पायी. पण ओटीवर कोस कुणीच मोजत नाहीये. तिकडे भांग फार पितात म्हणे. तिकडल्या बायका माणसाला परत येऊ देत नाहीत म्हणे. आजारी पडला तर? काका बरोबर असतील, हा एक मुद्दा जरा टिकतो. आतल्या दाराआड बांगड्या वाजतात आणि थांबतात.

ओळखीचं वाटतं ना? तुमच्या स्वयंपाकघरात हेच झालं होतं. गुडघे जातील, नोकरीचं काय, पोरांकडे कोण बघणार, त्या अमक्याला म्हणे धावतानाच झटका आला. तुम्ही सरावाचा तक्ता काढून दाखवलात, तो कुणी बघितला नाही. पोहणं, सायकल, धावणं हे तीन टप्पे नंतरचे. घरच्यांनी ‘बरं, जा’ म्हणणं हा त्याआधीचा, आणि त्यात दमछाक त्यांची जास्त होते.

तुम्हाला पुढचं माहीत आहे. हा भटजी बंडाच्या आगीतून जाईल, झाशीत अडकेल, लुटला जाईल. दक्षिणेचं जमणार नाही, पण गंगेची कावड खांद्यावर घेऊन तो याच अंगणात परत येईल आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालील. म्हातारपणी सगळं लिहून ठेवील, आणि चिंतामणराव वैद्य 1907 साली ‘माझा प्रवास’ म्हणून ते छापतील. याच पेण तालुक्यात, गागोद्याला, 38 वर्षांनी विनोबा जन्मतील आणि भूदानासाठी तेरा वर्षं देश पायी तुडवतील. या मातीत चालण्याचं काहीतरी असावं, असं म्हणायचा मोह होतो. तसं काही नसतं, वाहनं नव्हती आणि कामं होती. बोलू मात्र नका. दाराआडच्या त्या बाईला आत्ता सांगून तिचा विश्वास बसणार नाही.

तेवढ्यात ओटीवरचे एक आजोबा तुमच्याकडे वळतात. पायाचे फोड बघतात, पेणहून चालत आलात का विचारतात. तुम्ही सांगता, रोह्याहून. आणि पुढे याहून कितीतरी मोठा पल्ला आहे, त्याचीच तयारी चाललीय. आजोबा सरसावून बसतात. आता त्यांना तुमच्यात रस आलाय.

‘‘मग दक्षिणा किती मिळते तुम्हाला?’’

तुम्ही घसा खाकरता. सांगता की मिळत नाही, उलट भाग घ्यायला आपणच पैसे भरायचे. बरेच. ते परतही मिळत नाहीत.

ओटी क्षणभर गप्प होते. मग आजोबा आत तोंड करून ओरडतात, ‘‘अगो, ऐकलंस का? आपला विष्णू बरा!’’