कर्ता, क्रियापद आणि आदरार्थी बहुवचन : एका व्याकरणनियमाचा इतिहास

इंग्रजी वाक्यातील क्रियापद कर्त्याच्या वचनाप्रमाणे व पुरुषाप्रमाणे चालते, हा नियम आपले विद्यार्थी माध्यमिक शाळेपासून पाठ करतात. आणि तरीही पदवीच्या उत्तरपत्रिकेत ‘अवर प्रिन्सिपॉल आर कमिंग’ असे लिहितात. अशा वाक्याखाली तांबडी रेघ ओढून आपण पुढे जातो. प्रस्तुत लेखात या चुकीचा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे. कारण ज्यास आपण निष्काळजीपणा म्हणतो, त्याच्या मागे पुष्कळदा दुसऱ्या भाषेचा काटेकोर नियम उभा असतो.

प्राचीन इंग्रजीत क्रियापदास पुरुष-वचनाचे अनेक प्रत्यय लागत. मध्ययुगात ते झिजत गेले. शेक्सपिअरच्या काळी ‘हॅथ’ आणि ‘हॅज’ ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदत होती. त्यांपैकी उत्तरेकडून आलेले ‘एस’-अंती रूप पुढे टिकले. आज ‘टू बी’ची रूपे वगळली, तर या साऱ्या व्यवस्थेतून वर्तमानकाळी तृतीयपुरुषी एकवचनाचा ‘एस’ तेवढा शिल्लक आहे. त्यातही गंमत अशी, की नामाला लागला असता हाच ‘एस’ अनेकवचन दाखवतो. ‘बॉय रन्स’ आणि ‘बॉईज रन’ यांत नवशिक्याचा गोंधळ उडाला, तर दोष केवळ त्याचा नव्हे.

अधिक उद्बोधक आहे तो ‘यू’चा इतिहास. एका व्यक्तीस ‘दाऊ’ व अनेकांस ‘यू’ अशी मूळ विभागणी होती. पुढे वडीलधाऱ्यांस, श्रेष्ठांस आदराने ‘यू’ म्हणण्याचा प्रघात पडला, म्हणजे आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’चाच प्रकार. हळूहळू ‘यू’ने ‘दाऊ’ला जवळजवळ हद्दपार केले. या आदरार्थी बहुवचनास क्वेकर पंथीयांनी तत्त्व म्हणून विरोध केला. जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1660 मध्ये एकवचन-अनेकवचनाच्या या प्रश्नावर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. अठराव्या शतकात ‘यू’ एका व्यक्तीसाठी रूढ झाल्यावर सुशिक्षितांच्या लेखनातही ‘यू वॉज’ हा प्रयोग दिसू लागला. अर्थाच्या दृष्टीने तो तर्कशुद्धच होता. परंतु पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लोथ यांनी 1762 च्या आपल्या व्याकरणात तो अशुद्ध ठरवला. 1795 मध्ये लिंडले मरे यांचे व्याकरण यॉर्कच्या एका क्वेकर कन्याशाळेच्या गरजेतून निर्माण झाले आणि क्रियापदाच्या मेळाचे नियम त्याने इंग्रजी शिकणाऱ्या जगभर पोहोचवले. मरे स्वतः क्वेकर होते, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

मरे यांचे हे पुस्तक महाराष्ट्रातही पोहोचले. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये श्रीरामपूरहून निघाले होते. परंतु मराठी माणसाने मराठीत लिहून छापलेल्या व्याकरणांत अग्रमान दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या 1836 च्या ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ या ग्रंथास मिळतो. त्याच्या मांडणीवर मरे यांची छाप असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. येथे खरी अडचण उभी राहते. इंग्रजी ‘सब्जेक्ट’साठी आपण ‘कर्ता’ हा शब्द वापरतो. पण संस्कृत परंपरेतील कर्ता म्हणजे क्रिया करणारा. क्रियापद त्याच्याच मागे चालेल, असे बंधन त्या संज्ञेत नाही. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने पोळी खाल्ली’ या वाक्यांत कर्ता रामच; क्रियापद मात्र आंब्याचे नि पोळीचे ऐकते. ‘रामाने रावणाला मारले’ येथे ते कोणाचेच ऐकत नाही. ‘तू पोळी खाल्लीस’ यात तर ते दोघांचेही ऐकते. म्हणूनच मराठी व्याकरणकारांना कर्तरी, कर्मणी, भावे आणि संकर अशी प्रयोगव्यवस्था मांडावी लागली. मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत आणि त्यानंतरही हा विषय वादाचा राहिला. इंग्रजी साच्यात न मावणारा हा भाग मराठी व्याकरणचर्चेतील सर्वांत कसदार भाग आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तात्पर्य, मराठी विद्यार्थी मेळाची सवय नसलेला विद्यार्थी नव्हे. लिंगासह वचन व पुरुष तो बोलताना सहज सांभाळतो. त्याची अडचण ‘कर्त्याप्रमाणे क्रियापद’ या सूत्रातील ‘कर्ता’ या शब्दाने वाढते आणि आदरार्थी बहुवचनाने ती दुणावते. आपण ‘बाबा आले’ म्हणतो, पण बहुतेक घरांत ‘आई आली’. तेव्हा ‘माय फादर आर’ आणि ‘माय मदर इज’ ही दोन्ही एकाच वहीत सापडली, तर ती वही मराठी व्याकरणाशी प्रामाणिक आहे, एवढेच म्हणता येईल.

नवी मुंबईच्या महाविद्यालयांत हा प्रश्न आणखी निराळ्या रूपात समोर येतो. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर येथे आगरी-कोळी गावांच्या शेजारी देशाच्या सर्व भागांतील कुटुंबे वसली. वाशी किंवा नेरूळ येथील वर्गात मराठी मुलाच्या शेजारी मल्याळी मुलगी बसते, आणि मल्याळममध्ये क्रियापद पुरुष-वचनानुसार बदलतच नाही. ‘ही गोज’ऐवजी ‘ही गो’ असे दोघांनीही लिहिले, तरी ती दोघे निरनिराळ्या वाटांनी तेथे आलेली असू शकतात. उत्तरपत्रिकेवरील तांबडी रेघ मात्र दोघांसाठी एकच असते.