सपाट आणि पाणसळीत : बिलियर्ड्स टेबलाच्या दगडाचा इतिहास

बिलियर्ड्स, स्नूकर किंवा पूलचे टेबल पाहिल्यावर हिरव्या बनातीखाली लाकडी फळी असावी असे वाटते. चांगल्या टेबलात तिथे दगड असतो, आणि तोही आपल्या ओळखीचा : शाळेतल्या पाटीचा, म्हणजे स्लेटचा. हा दगड तिथे का आला आणि तो बसवणे हे वेगळे कौशल्य का ठरले, हे या टिपणात पाहू.

लाकडाची अडचण

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टेबलाचा तळ सहसा लाकडी फळ्यांचा असे. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते आणि कालांतराने वाकते. चेंडू कुठे वळतो हे त्या टेबलावर रोज खेळणाऱ्याला ठाऊक असणार, पाहुण्याला नाही. म्हणजे हार-जीत काही अंशी टेबलाच्या हातात होती.

लंडनचे टेबल-निर्माते जॉन थर्स्टन यांनी १८२६ मध्ये स्लेटचा तळ वापरायला सुरुवात केली. स्लेट हा बारीक चिखलाच्या थरांवर प्रचंड दाब पडून बनलेला खडक आहे. त्याच्या सपाट लाद्या निघतात, तो पाणी फारसे शोषत नाही आणि घासून गुळगुळीत करता येतो. ब्रिटनमध्ये वेल्सच्या खाणींतून तो मुबलक मिळत होता. पुढे इटलीच्या लिगुरिया भागातील स्लेटही या कामासाठी प्रसिद्ध झाली.

हा काळही लक्षात घ्या. १८४० मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी ग्लासगो येथे अचूक सपाट धातू-पृष्ठभागांवर निबंध वाचला. तीन पट्ट आळीपाळीने एकमेकांशी जुळवून खरा सपाट पृष्ठभाग मिळवण्याची पद्धत त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. कारखाना असो वा खेळ, ‘सपाट’ म्हणजे नेमके किती सपाट, हा त्या काळाचा प्रश्न होता.

दोन वेगळे गुण

इथे एक फरक पक्का करा. पृष्ठभागावर उंचवटा किंवा खळगा नसेल तर तो सपाट. तो क्षितिजाला समांतर असेल तर पाणसळीत. सपाट दगड तिरका असू शकतो. सपाटपणा कारखान्यात तयार होतो आणि दगडाबरोबर प्रवास करतो. पाणसळ मात्र प्रत्येक खोलीत, प्रत्येक जमिनीवर नव्याने साधावी लागते.

किती अचूकता हवी? समजा, मीटरला फक्त १ मिमी उतार आहे. लोळणाऱ्या भरीव चेंडूचे उताराच्या दिशेने त्वरण ५/७ × ९.८१ × ०.००१, म्हणजे सुमारे ०.००७ मी/से² येते. बनातीचे घर्षण बाजूला ठेवले, तर ३ सेकंदांत चेंडू सुमारे ३१ मिमी बाजूला सरकतो. पूलच्या चेंडूचा व्यास सुमारे ५७ मिमी असतो. म्हणजे डोळ्याला न दिसणारा उतार हळू मारलेला चेंडू अर्ध्या व्यासाहून जास्त हलवतो.

दगड बसवताना

१२ फुटी टेबलाचा दगड ४५ मिमी जाडीचा धरला, तर एकूण वजन ८०० किलोच्या पुढे जाते. म्हणून तो सहसा पाच तुकड्यांत येतो. पूलच्या टेबलात साधारण २५ मिमी जाडीचे तीन तुकडे असतात. कामाचा क्रम असा :

१. आधी सांगाडा पाणसळीत आणतात.
२. मधला तुकडा ठेवून त्याला बाजूचे जोडतात.
३. वजनाने सांगाडा थोडा दबतो, म्हणून पुन्हा मोजून दगडाखाली पातळ पाचरी सारतात.
४. सांध्यावर सरळपट्टी ठेवून आणि बोट फिरवून दोन्ही कडा एका पातळीत आल्याची खात्री करतात.
५. सांधा मधमाशांच्या मेणाने किंवा तशाच भरावाने भरून, खरवडून सारखा करतात. मगच बनात ताणतात.

पाणसळ दोन्ही दिशांनी लावतात आणि प्रत्येक वेळी उलट फिरवून पुन्हा वाचतात. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच बाजूला, म्हणजे खोलीच्या त्याच भिंतीकडे, सरकला तर दोष दगडाचा. पाणसळीबरोबर तोही फिरला तर दोष उपकरणाचा.

भारतातील दुवा

ब्रिटिश छावण्यांबरोबर हा खेळ भारतात रुळला. स्नूकरचा उगम १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत झाला असे मानतात, आणि त्याचे नियम १८८२ मध्ये उटीच्या क्लबमध्ये लावले गेले. इथे स्लेट फुगत नाही, पण तिच्याखालचा लाकडी सांगाडा पावसाळ्यात फुगतोच. म्हणून टेबल एकदा बसवून काम संपत नाही. ते पुन्हा पुन्हा तपासावे लागते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. असा सामना कौशल्याचा ठरतो, कारण त्याआधी कोणीतरी गुडघे टेकून दगडाखाली पाचर सारलेली असते. थर्स्टन यांचे नाव इतिहासात राहिले. पाचर सारणाऱ्यांची नावे सहसा राहत नाहीत. तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना शोध लावणाऱ्याबरोबर तो प्रत्येक ठिकाणी खरा करून दाखवणाऱ्यांचाही विचार करा.

स्वाध्याय : तुमच्या प्रयोगशाळेतील एका टेबलाचा उतार पाणसळ उलटून दोनदा मोजा. दोन वाचनांतील फरकावरून उपकरणाचा दोष आणि टेबलाचा उतार वेगळे काढा.