दुष्काळ, शिस्त आणि श्रद्धा : पंडिता रमाबाईंच्या केडगाव-पर्वाचा पुनर्विचार

पंडिता रमाबाईंविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्यात त्यांच्या आयुष्याचे दोन तुकडे पाडण्याची प्रवृत्ती वारंवार आढळते. समाजसुधारणेचा इतिहास लिहिणारे अभ्यासक ‘आर्य महिला समाज’, हंटर आयोगापुढील साक्ष आणि ‘शारदा सदन’ येथपर्यंत त्यांच्याबरोबर येतात व १८९३च्या वादाशी थांबतात. मिशनरी चरित्रकारांना मात्र २९ सप्टेंबर १८८३ रोजी झालेल्या बाप्तिस्म्यापूर्वीच्या आयुष्यात केवळ अंधारच दिसतो. बालपणी भोगलेल्या उपासमारीचा केडगावच्या ‘मुक्तिसदना’तील कष्टमय आणि शिस्तबद्ध जीवनाशी काय संबंध होता, हा प्रश्न त्यामुळे दोन्हीकडून निसटतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले व त्यापायी स्वजनांचा रोष पत्करला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थाटन करू लागले. रमाबाईंचे शिक्षण आईकडे, तेही पहाटे पक्षी किलबिलू लागण्याच्या वेळी होत असे. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना मुखोद्गत होते. शिस्त ही रमाबाईंना इंग्लंडातील जोगिणींच्या मठात मिळाली, असे जे सुचवले जाते ते या एका गोष्टीमुळेच ग्राह्य धरता येत नाही. ती त्यांना घरातच मिळाली होती. या शिस्तीचा उपयोग कोणासाठी करावयाचा, एवढेच काय ते ठरले नव्हते.

मद्रास इलाख्यातील अवर्षणाच्या काळात या कुटुंबाची जी वाताहत झाली, तिचे वर्णन रमाबाईंनी १८९७मध्ये स्वतःच केले आहे. जवळचे द्रव्य तीर्थक्षेत्रे व दानधर्म यांत संपले. भिक्षा मागणे वा अंगमेहनत करणे जातीच्या अभिमानाला मानवेना. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढावे लागले. अखेर वडिलांनी पवित्र तीर्थात देह ठेवण्याचा निश्चय केला, तेव्हा बंधू श्रीनिवास यांनी आपण अभिमान सोडून मजुरी करू असे सांगून त्यांना परावृत्त केले. तथापि १८७४मध्ये वडील व पाठोपाठ आई निवर्तली. आईच्या तिरडीला पुरेसे खांदे मिळेनात. दोन ब्राह्मण आले, तिसरे श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी पडल्याने त्यांनी तिरडीचे टोक डोक्यावर घेतले. त्यानंतर थोरली बहीणही गेली. भावंडांनी मग उत्तरेपर्यंत पायपीट केली. झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन ती निजली.

हे निवेदन मदतीच्या आवाहनासाठी लिहिलेले आहे, हे अभ्यासकाने विसरू नये. घटनेनंतर वीसहून अधिक वर्षांनी आणि धर्मांतरानंतर लिहिले गेल्याने वडिलांच्या श्रद्धेचा निर्णय त्यात आधीच लागलेला आहे. परंतु एका बाबतीत त्याची साक्ष मोलाची वाटते. उपासमारीइतकाच, कदाचित अधिक, सल त्या उपासमारीच्या व्यर्थतेचा आहे. व्रते झाली, जप झाले, मूर्तींपुढे तासन् तास बसणे झाले. देह झिजला आणि हाती काहीच लागले नाही. कष्ट होते, नियम होते, प्रयोजन मात्र नव्हते.

त्यानंतरच्या काही वर्षांत मृत्यूने त्यांची पाठ सोडली नाही. १८७८मध्ये कलकत्त्यात ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ हे सन्मान मिळाले; १८८०मध्ये श्रीनिवास आणि १८८२मध्ये पती बिपिनबिहारी दास मेधावी वारले. कन्या मनोरमेला घेऊन रमाबाई १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या, त्या वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने. बहिरेपणामुळे तो मार्ग खुंटला. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेज येथे आत्महत्या केली. अशा अवस्थेत रमाबाईंच्या मनावर कोणत्या गोष्टीचा परिणाम झाला, हे पाहण्यासारखे आहे. फुलहॅम येथे वाँटेजच्या जोगिणी समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करीत होत्या. आपल्या धर्मात अशा स्त्रियांसाठी असे काही पाहिले नव्हते, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. म्हणजे ख्रिस्ती धर्म त्यांना प्रथम पटला तो सिद्धान्त म्हणून नव्हे, तर उपयोगी लागलेले कष्ट म्हणून. सिद्धान्ताच्या बाबतीत त्या अखेरपर्यंत भांडत राहिल्या.

सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७मध्ये ए. बी. शहा यांनी प्रकाशात आणला. तो वाचताना ‘आज्ञाधारक धर्मांतरित स्त्री’ ही कल्पना टिकत नाही. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांनी तपासल्याशिवाय स्वीकारला नाही, मांसाहार केला नाही आणि गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असा सरळ सवाल केला. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या प्रयासाने उतरवल्यावर दुसरे मानेवर घेण्याची त्यांची तयारी नव्हती. शिस्त हवी, पण ती स्वतः पत्करलेली हवी, ही त्यांची भूमिका होती. पुढे १८९७मध्ये प्लेगच्या बंदोबस्तातील गैरप्रकारांवर त्यांनी सरकारलाही जाहीरपणे सुनावले.

शारदा सदनाची हकीकत सुपरिचित आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेली व पुढच्या वर्षी पुण्यास आलेली ही संस्था धर्माबाबत तटस्थ राहणार होती. रमाबाईंच्या प्रार्थनेस काही विधवा बसू लागल्या, ‘केसरी’ने तोफ डागली आणि १८९३मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार बाजूला झाले. दोन्ही पक्षांकडे आपापली कारणे होती. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की, पुण्यातील शिष्ट समाजाचा आधार तुटल्यावर रमाबाईंच्या कार्याचे क्षेत्र बदलले. तोपर्यंत त्या प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी काम करीत होत्या. १८९६-९७च्या दुष्काळाने ती मर्यादा पुसून टाकली.

मध्य प्रांतात त्या गेल्या तेव्हा जागा व पैसा या दोहोंची चणचण होती. तेथील दुष्काळी छावण्यांत त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या आणि त्या मुलींवर टपून बसलेली माणसेही पाहिली. स्वतःचे भुकेचे दिवस आठवल्यावर मागे फिरणे अशक्य झाले, असे त्या लिहितात. वीस वर्षे जवळ असलेल्या त्या अनुभवाला येथे प्रथमच काम मिळाले. पुण्यात प्लेगमुळे नव्या मुलींना ठेवण्यास बंदी आल्याने फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या व १८९८मध्ये ‘मुक्तिसदन’ आकारास आले. गुजरातेतील दुष्काळानंतर १९००च्या सुमारास तेथील संख्या दीड हजारांच्या वर गेली. शेती, गाईगुरे, विणकाम, शिवण, तेलाची घाणी, छापखाना ही सारी कामे मुली व स्त्रियाच करीत. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची व्यवस्था मनोरमाबाईंनी केली. ज्या अंगमेहनतीला डोंगरे कुटुंब मृत्यूच्या दारात पोहोचेपर्यंत नाकारत राहिले, तीच येथे प्रार्थनेइतकी पवित्र ठरली.

येथे एक अडचणीचा प्रश्न टाळता येत नाही. रमाबाईंनी शिस्त वाद घालून, तपासून पत्करली. पण उपाशीपोटी आलेल्या दहा वर्षांच्या मुलीला ते स्वातंत्र्य कितपत होते? मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती होते व तेथील बहुसंख्य मुली ख्रिस्ती झाल्या. अन्न आणि धर्म एकाच हाताने मिळत असताना निवडीची भाषा जपून वापरावी लागते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वाँटेजमध्ये रमाबाईंनी जेराल्डिनना जो प्रश्न विचारला तो केडगावातील एखादीने रमाबाईंना विचारला असेल, तर त्याची पत्रे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९०५च्या धार्मिक जागृतीत मुली मोठ्याने रडत, एकाच वेळी प्रार्थना करीत, नित्यक्रम विस्कळीत होई. पाश्चात्त्य मिशनऱ्यांपैकी काहींना हे खटकले. रमाबाईंनी ते दडपले नाही. घंटेच्या ठोक्याने चालणाऱ्या त्या संस्थेत मुलींचा स्वतःचा असा आवाज प्रथम ऐकू आला तो बहुधा तेव्हाच.

रमाबाईंनी स्वतःवर लादलेली अखेरची शिस्त भाषेची होती. उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरवण्याचे काम हाती घेतले. क्रूसावर संस्कृत मागणारी ही विदुषी आता जुन्या धार्मिक अर्थाने भारलेले संस्कृत शब्द शोधून शोधून वगळत होती. त्यामुळे भाषांतर कोठे कोठे रुक्ष व अवघड झाले, हा आक्षेप खरा आहे. पण त्यांच्या डोळ्यांसमोर शास्त्री-पंडित नव्हते. नुकतीच अक्षरे जुळवू लागलेली शेतावरची मुलगी होती. जुलै १९२१मध्ये मनोरमाबाई वारल्या, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. १९२४मध्ये तो ग्रंथ पूर्णपणे प्रसिद्ध झाला. त्याची छपाई केडगावच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून झाली.