व्यापाऱ्याच्या हातची भर : एका आकड्याचा मागोवा

दरवर्षी अर्थसंकल्पाआधी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ विधिमंडळात मांडली जाते. तिच्यातल्या राज्य उत्पन्नाच्या तक्त्यात व्यापार, दुरुस्ती, हॉटेले आणि उपाहारगृहे अशी एक ओळ असते. लासलगावचा कांदा व्यापारी, वाशीच्या मसाला बाजारातला गाळेवाला, सोलापुरी चादरींचा ठोक विक्रेता आणि गल्लीतला किराणा दुकानदार हे सगळे त्या एका ओळीत मावतात. शेतकरी पिकवतो, कारखानदार बनवतो. मग व्यापारी नेमकी कशाची भर घालतो, आणि ती भर कुठल्या जिल्ह्याच्या नावावर मांडायची? गेली दीडशे वर्षे जाणत्या माणसांनी या प्रश्नावर डोके चालवले आहे.

व्यापाराची मोजदाद सुरू झाली ती वसुलीसाठी. पेशवाईत माल नाक्यावरून पुढे जाताना जकात द्यावी लागे, पेठेतल्या दुकानदार-कारागिरांवर मोहतर्फा हा कर असे. पेठेच्या कारभारात शेटे-महाजनांचे वतन असे आणि जकातीची वसुली अनेकदा मक्त्याने दिली जाई. त्या काळच्या कागदांतून कोणता माल कुठून कुठे गेला ते समजते. व्यापाऱ्याच्या पदरात काय पडले ते मात्र समजत नाही, कारण सरकारला तेवढे विचारायची गरज नव्हती. शिवाय नाका चुकवून गेलेला माल हिशेबात येतच नसे. कराच्या वहीतून व्यापाराकडे पाहण्याची ही सवय फार चिवट ठरली. मुंबईतली जकात तर २०१७ साली वस्तू व सेवा कर येईपर्यंत चालू होती.

देशाचे उत्पन्न म्हणून हिशेब मांडायला सुरुवात केली दादाभाई नौरोजींनी. प्रांताप्रांतातले पिकांखालचे क्षेत्र, सरासरी उतारा आणि बाजारभाव घेऊन त्यांनी १८६७-७० च्या सुमाराचे उत्पन्न काढले आणि १८७६ साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे ते मांडले. दरडोई वर्षाला २० रुपये! या आकड्याने खळबळ उडाली. इंडिया ऑफिसमधले डॅन्व्हर्स यांनी १८८० साली आक्षेप घेतला की रेल्वेने आणि व्यापाराने मालाची किंमत वाढते, ती वाढ दादाभाईंनी धरलेलीच नाही.

दादाभाईंनी उत्तरादाखल गव्हाचे उदाहरण घेतले. पंजाबात १०० रुपयांचा १०० मण गहू मुंबईत येऊन १२५ रुपयांना विकला गेला, म्हणून गहू १२५ मण झाला का? नाही. वरचे २५ रुपये आधीपासून मुंबईतच होते. ते फक्त रेल्वे, मजूर आणि व्यापारी यांच्यात वाटले गेले. देशाच्या संपत्तीत नवे काही आले नाही.

हा युक्तिवाद अर्धा बिनतोड आहे. शेतकऱ्याचे १०० आणि व्यापाऱ्याच्या विक्रीचे १२५ अशी सरसकट बेरीज केली तर तोच गहू दोनदा मोजला जातो. ही दुबेरीज टाळणे हा राष्ट्रीय उत्पन्नाच्या शास्त्राचा पहिला नियम आहे. दुसरी बाजू मात्र दादाभाईंनी सोडून दिली. पंजाबच्या खळ्यावरचा गहू मुंबईच्या गिरणी कामगाराच्या ताटात पडत नाही. तो खरेदी करणे, साठवणे, निवडणे, पायली-दोन पायली करून विकणे हे काम आहे, आणि त्या कामाला मोल आहे. दादाभाई ज्या लढाईत उतरले होते तिथे साम्राज्याचे अधिकारी हिंदुस्थान सुखी दाखवायला टपलेले होते. त्यामुळे पिकलेल्या, घडलेल्या मालापलीकडे जायला ते तयार नव्हते.

पुढची पायरी चढले अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव. १९३१-३२ च्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या उत्पन्नाचा त्यांचा ग्रंथ १९४० साली आला. जिथे उत्पादन मोजता येते तिथे उत्पादन, आणि व्यापारासारख्या जागी त्यात राबणाऱ्या माणसांचे उत्पन्न, असा मेळ त्यांनी घातला. याच काळात पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटमध्ये धनंजयराव गाडगीळ बाजाराचा अभ्यास बाजारात जाऊन करत होते. पुण्याच्या फळबाजाराची त्यांची पाहणी १९३३ साली प्रसिद्ध झाली.

१९४९ साली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस, सदस्य गाडगीळ आणि राव असे तिघे एकत्र आले. १९५१ च्या पहिल्या अहवालात समितीने १९४८-४९ चे राष्ट्रीय उत्पन्न ८,७१० कोटी रुपये धरले, आणि त्यात व्यापाराला रीतसर जागा होती. व्यापारात किती माणसे आहेत ते जनगणनेवरून घ्यायचे आणि त्याला सरासरी कमाईने गुणायचे, असा साधा मार्ग होता. दुकानदाराकडे वह्या नसतात किंवा तो त्या दाखवत नाही, हे गृहीत धरूनच ही वाट काढलेली होती.

‘भर’ कशी निघते ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. लासलगावच्या व्यापाऱ्याने लिलावात क्विंटलला १,५०० रुपयांनी १०० क्विंटल कांदा घेतला. दीड लाख गुंतले. वाळून-सडून ४ क्विंटल घट आली. उरलेला ९६ क्विंटल परप्रांतात २,००० रुपयांनी गेला, हाती आले १,९२,०००. फरक ४२,०००. त्यातले २५,००० ट्रकभाड्याचे, ते वाहतूक क्षेत्राच्या खात्यावर जातात. बारदान आणि किरकोळ खर्च ६,०००. राहिले ११,०००. यातून मुनीमाचा पगार, कर्जाचे व्याज आणि व्यापाऱ्याचा नफा भागतो. उलाढाल जवळपास दोन लाखांची, राज्याच्या उत्पन्नात व्यापाराची भर अकरा हजारांची. म्हणून उलाढालीचे आकडे तोंडावर फेकून कुठल्या शहराची श्रीमंती ठरवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

हा हिशेब लाखो दुकानांचा कसा करायचा? १९७७ पासून आर्थिक गणना सुरू झाली, आस्थापना आणि त्यांतली माणसे मोजली जाऊ लागली. नमुना पाहणीचे कर्मचारी निवडक दुकानांत बसून खरेदी, विक्री, भाडे, वीजबिल विचारू लागले. पण अशा पाहण्या काही वर्षांनी एकदा होत. मधल्या वर्षांसाठी कसला तरी आधार घेऊन आकडा पुढे न्यावा लागे. २०१५ साली आलेल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्या मालिकेत कंपन्यांचा हिशेब त्यांच्या वार्षिक विवरणांवरून घेतला गेला आणि छोट्या व्यापाराचा आकडा विक्रीकराच्या वाढीवरून पुढे सरकवला गेला. म्हणजे फिरून कराची वहीच आली.

नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर या रीतीचे दुखणे उघडे पडले. रोखीवर चालणारे छोटे दुकान बसले आणि त्याचे गिऱ्हाईक मोठ्या दालनात गेले, तर कर वाढतो. त्या वाढीवरून छोटे दुकानही वाढले असे धरले जाण्याचा धोका अनेक अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिला. विक्रीकराच्या जागी आता वस्तू व सेवा कर आहे, पण वर्षाला ४० लाखांच्या आतल्या उलाढालीच्या माल-विक्रेत्याला त्याची नोंदणी सहसा सक्तीची नाही, आणि ताजा कांदा तर करमुक्तच. शिवाय हा कर जिथे माल खपतो तिथे जमा होतो, जिथे व्यापाऱ्याची भर पडते तिथे नव्हे. लासलगावच्या व्यापाऱ्याचे ते ११,००० रुपये या वहीत दिसणार कुठे?

जिल्ह्याच्या पातळीवर गाठ आणखी घट्ट आहे. मुख्य कचेरी मुंबईत आणि दुकाने हिंगोली-गडचिरोलीपर्यंत असलेल्या साखळी कंपनीची भर कामगारांच्या किंवा विक्रीच्या प्रमाणात वाटली जाते. जिल्ह्याच्या बहुतेक व्यापाराचा आकडा असा वरून खाली वाटूनच येतो. जिल्ह्यात जाऊन मोजलेला भाग थोडा.

आणि या आकड्यांवर पैसा ठरतो. १९६९ च्या गाडगीळ सूत्रात राज्यांना योजनेची मदत वाटताना १० टक्के वजन दरडोई उत्पन्नातल्या मागासपणाला होते. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना करांतला वाटा देताना उत्पन्नातल्या अंतराला ४५ टक्के वजन दिले. जिल्ह्यांचा मागासपणा ठरवतानाही दरडोई जिल्हा उत्पन्नाचा दाखला दिला जातो. छोट्या व्यापाराचा अंदाज चुकला, तर ज्या भागात व्यापार म्हणजे मुख्यतः किराणा, आठवडी बाजार आणि हातगाडी, त्या भागाचे चित्र सर्वाधिक बिघडते.

आशेची जागाही आहे. कंपनी म्हणून न नोंदलेल्या व्यवसायांची पाहणी आता दरवर्षी होते, आणि २०२५ पासून तिची आखणी जिल्हा हा पायाभूत घटक धरून केली आहे. महाराष्ट्राने हा धागा घट्ट पकडावा. बाजार समित्यांकडे रोजची आवक आणि लिलावाचे भाव आहेत, ते या पाहणीला जोडावेत. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने प्रत्येक जिल्ह्याच्या व्यापाराच्या आकड्यासोबत त्यातला किती भाग प्रत्यक्ष मोजलेला आणि किती वरून वाटलेला, हे छापावे. पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याला दुकानदाराने करवसुलीचा माणूस समजून परतवू नये, आणि तसा विश्वास वाटावा म्हणून सरकारने ही माहिती कराच्या कामी कधीही वापरू नये. दादाभाईंनी प्रांताप्रांतातल्या पिकांचा हिशेब मांडला तेव्हाच देशाची गरिबी आकड्यांत सिद्ध झाली. आपल्या जिल्ह्यांच्या व्यापाराचे खरे रूपही दुकानाच्या फळीवर बसून विचारल्याशिवाय कळणार नाही.