पिंपरीचे पेनिसिलिन आणि हृदयाची झडप

पिंपरीला आज आपण मोटारींसाठी ओळखतो. पण 1954 मध्ये इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. 1955 मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले.

आपल्या विषयाशी याचा संबंध काय? शाळकरी पोराचा घसा स्ट्रेप्टोकॉकस जंतूने सुजतो, बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे धरतात. जंतूच्या प्रथिनाची ठेवण हृदयातल्या प्रथिनांशी मिळतीजुळती. म्हणून प्रतिकारशक्ती आपल्याच झडपांवर तुटून पडते. हा र्‍हुमॅटिक ताप. तो उतरतो, झडप मात्र आखडून बसू शकते.

आम्ही तत्त्वज्ञानवाले ‘स्व’ आणि ‘पर’ हा भेद वर्गात शिकवला. इथे तो चुकला की पोर आयुष्यभर धापा टाकते.

पेनिसिलिन प्रतिकारशक्तीची समजूत घालत नाही. जंतू मारून चुकीचे निमित्तच काढून घेते. एकदा ताप येऊन गेला असेल, तर दर तीन-चार आठवड्यांनी इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षे. औषध जुने आहे, स्वस्त आहे. घसा दुखतो म्हणणाऱ्या पोराकडे वेळेत बघणे, एवढे आपल्याकडे उरते.