विद्यार्थ्याचे मन : कायद्याची आणि आपली वाटचाल



हट्ट्याच्या मुलाला विद्यापीठाची वाट नेहमीच लांबची राहिली. १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ हे या भागाचे पहिले विद्याकेंद्र. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. त्याच वर्षी जबलपूरचे विद्यापीठ स्थापन झाले. अंतरापेक्षा अवघड होते ते भाषांतर. घरची बोली, शाळेची भाषा आणि पदवीची इंग्रजी असे तीन उंबरठे एकट्याने ओलांडावयाचे होते.

सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी वसतिगृहात माझ्या खोलीत असाच एक गुणी मुलगा होता. त्याची झोप उडाली, जेवण सुटले. एका रात्री तो म्हणाला, "जगण्यात काही अर्थ वाटत नाही." मी हसून उत्तर दिले, "परीक्षा संपली की वाटेल." तो शिक्षण अर्धवट सोडून गावी गेला. तिथे मांत्रिक आला, डॉक्टर आला नाही. मीही कधी पत्र पाठविले नाही.

हे अज्ञान आमच्या खोलीपुरते नव्हते. १८६० च्या भारतीय दंड संहितेने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरविला होता. पीडिताने बोलावे कोणाजवळ? १९१२ च्या कायद्याची भाषाही 'वेड' आणि 'वेड्यांचे इस्पितळ' यांचीच होती. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मात्र दृष्टी पालटली : असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असे मानावे, आणि शासनाने तिची काळजी घ्यावी. शिक्षेकडून शुश्रूषेकडे येण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली.

तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपविले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश दिला. २०२२ पासून 'टेली-मानस'चा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही उपलब्ध आहे.

कायदा बदलला. आता आपल्या ओसरीवरचे बोलणे बदलावयाचे आहे. सुटीत घरी आलेल्या मुलाला आपण पहिला प्रश्न निकालाचा विचारतो. मित्रहो, त्याआधी एवढेच विचारा, "झोप लागते ना रे?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मी त्या रात्री थांबलो नव्हतो.