विसराळू वेबवर दुकान थाटताना

११ ऑगस्ट १९९४. अमेरिकेत ‘नेटमार्केट’ या नवख्या कंपनीने स्टिंग या गायकाची एक सीडी विकली. किंमत १२ डॉलर ४८ सेंट, टपालखर्च वेगळा. गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्डाचा नंबर सांकेतिक रूपात इंटरनेटवरून पाठवला होता, म्हणून एवढ्याशा विक्रीची बातमी दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये झळकली.

वेब मुळात बाजारासाठी जन्मलंच नव्हतं. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ते घडवलं, ते शास्त्रज्ञांना एकमेकांची कागदपत्रं वाचता यावीत म्हणून. पान मागितलं, सर्व्हरने दिलं, संबंध संपला. पुढच्या क्लिकला तोच माणूस पुन्हा अनोळखी. टोपलीत टाकलेलं पुस्तक पुढच्या पानावर जाईपर्यंत टिकणार कसं?

तोडगा काढला ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीच्या लू मॉन्टुली या तरुण प्रोग्रॅमरने, १९९४ मध्येच. एमसीआय या दूरसंचार कंपनीला ऑनलाइन दुकान हवं होतं, पण अर्धवट राहिलेल्या खरेदीच्या नोंदी तिला स्वतःच्या सर्व्हरवर सांभाळायच्या नव्हत्या. मॉन्टुलीने ती नोंद गिऱ्हाइकाच्याच ब्राउझरकडे सोपवली. ही चिठ्ठी म्हणजे कुकी. टोपली टिकली, पुढे याच चिठ्ठ्यांच्या आधारे जाहिरातदार लोकांच्या मागावर राहू लागले.

राहिला प्रश्न विश्वासाचा. १९९५ मध्ये नेटस्केपने ब्राउझर आणि सर्व्हरमधला मजकूर कुलूपबंद करणारी ‘एसएसएल’ पद्धत आणली. त्याच वर्षी बर्कली विद्यापीठातल्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या विद्यार्थ्यांनी नेटस्केपच्या कुलपाची किल्ली ओळखून दाखवली. ती बनवताना घड्याळातली वेळ आणि संगणकावर चाललेल्या प्रक्रियांचे क्रमांक वापरले जात. गणित भक्कम होतं. पण हे आकडे अंदाजाने काढता येत होते.

तंत्र जमलं तरी मांडणी दगा देई. लंडनच्या ‘बू डॉट कॉम’ने १९९९ च्या नोव्हेंबरात फॅशनचं झगमगीत दुकान उघडलं. कपडे फिरवून पाहायची सोय, सल्ला द्यायला ‘मिस बू’ नावाची चित्रबाहुली, सगळा थाट. पण बहुतेकांच्या घरी टेलिफोनच्या तारेवरून रांगत येणारं इंटरनेट, त्यामुळे पानं उघडता उघडेनात. मे २००० मध्ये दुकानाला टाळं लागलं. उलट ‘ॲमेझॉन’ने पायऱ्या कमी केल्या: एका क्लिकमध्ये खरेदीचं पेटंट तिने १९९९ मध्ये मिळवलं आणि लगेच ‘बार्न्स अँड नोबल’ या पुस्तकविक्रेत्या कंपनीला कोर्टात खेचलं.

भारतात वारं उलटं वाहिलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली. सुरक्षा वाढली, पायरीही वाढली. मध्येच नेट तुटलं तर पैसे कापले की नाही, हेच कळेना. २०१० मध्ये ‘फ्लिपकार्ट’ या ऑनलाइन दुकानाने माल हातात पडल्यावर रोख घ्यायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे कार्ड नव्हतं किंवा त्यावर भरवसा नव्हता, त्यांनाही मग खरेदीची वाट मिळाली.

मात्र गर्दीपुढे या अनुभवी दुकानदाराचीही भंबेरी उडाली. ६ ऑक्टोबर २०१४ च्या ‘बिग बिलियन डे’ या सवलतींच्या विक्रीला साइट कोलमडली, ऑर्डरी रद्द झाल्या आणि संस्थापकांना ग्राहकांची माफी मागावी लागली. उलट, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रेल्वेची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या ‘आयआरसीटीसी’ने सकाळच्या तत्काळ तिकिटांच्या झुंबडीसाठी नवी यंत्रणा उभारली होती: मिनिटाला २,००० ऐवजी ७,२०० तिकिटं काढण्याच्या क्षमतेची.